सीतेची वेणी म्हणून घेतली पण फूल वेगळंच, किंवा वासच नाही, किंवा फुलतच नाही: आधी हे तपासा

मे अर्धा सरला की सीतेची वेणी या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, हेच फोटो माझ्याकडे ओळख विचारायला यायला लागतात आणि जूनभर येत राहतात. कुणी म्हणतं सीतेची वेणी म्हणून नर्सरीतून आणली, पहिल्यांदाच फुलांचा दांडा आलाय पण नेटवर दिसते तशी घट्ट लोंबणारी वेणी काही नाही, सुटी सुटी फुलं आहेत. कुणी म्हणतं फूल अगदी तसंच आहे पण सुगंधी आमरी म्हणून विकली आणि वास काही येत नाही, फसवलं का आम्हाला. आणि तिसरे असतात ज्यांना अजून फूलच दिसलेलं नाही, पानं मात्र झकास. तक्रारी तीन वाटतात पण बहुतेक वेळा गोची एकच असते, हातातलं झाड नक्की कुठलं हे ठरायच्या आधीच लोक खत कुठलं, पाणी किती, काथ्या की कोळसा यावर भांडायला लागतात. म्हणून आधी ओळख, मग बाकीचं.

खरी सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, इंग्रजीवाले फॉक्सटेल ऑर्किड म्हणतात तीच. श्रीलंका, भारत ते पार फिलिपिन्सपर्यंत पसरलेली आहे, आपल्याकडे कोकणात, घाटात, गोव्यात जुन्या आंब्या-फणसांवर दिसते. आसाममध्ये हिला कपौ फूल म्हणतात, बिहू नाचणाऱ्या मुली केसात माळतात, आसाम आणि अरुणाचल दोन्हीकडचं हे राज्यफूल आहे. आता गंमत अशी की आपल्याकडे झाडावर वाढणाऱ्या आणि लोंबता तुरा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आमरीला विकणारा सीतेची वेणीच म्हणतो, कुणी द्रौपदीमाला म्हणतो, त्यामुळे नुसत्या नावावर काहीही ठरवू नका. लेबलवर तर अजिबात नको, लेबल लिहिणाऱ्याने फूल बघितलेलं असतंच असं नाही.

गोंधळ मुख्यतः कुणाशी होतो ते सांगते. सगळ्यात जास्त एरिडिस मॅक्युलोसा या दुसऱ्या आमरीशी, कारण तिच्या पाकळ्यांवरही जांभळट ठिपके असतात, रंगही गुलाबी-पांढराच, आणि फुलायची वेळही तीच, मे-जून, पहिला पाऊस. त्यानंतर एरिडिस क्रिस्पा, घाटमाथ्यावरची, महाबळेश्वर आंबोली त्या बाजूची. मग व्हँडा टेसेलाटा आणि अकँपे प्रीमोर्सा, याही झाडावरच्या आमरीच, या दोघी फुलात कधीच गोंधळ करत नाहीत पण फूल नसताना नुसत्या पानांवरून भल्याभल्यांना चकवतात. म्हणजे महिना बघून काही निकाल लागत नाही, फूल जवळून बघावंच लागतं.

दांडा आलेला असेल तर काम सोपं आहे. आधी लांबून अख्खा तुरा बघा. सीतेच्या वेणीचा दांडा एकच असतो, त्याला फांद्या फुटत नाहीत, खाली लोंबतो आणि फुलं इतकी दाटीवाटीने असतात की मधला दांडा दिसतच नाही, चांगल्या जुन्या झाडाला एका वेणीत शंभराच्या वर फुलं असतात. एरिडिस मॅक्युलोसाचा तुरा मोकळा, फुलाफुलामध्ये जागा, दांडा दिसतो, आणि पुष्कळदा त्याला बाजूने एखादी फांदी फुटलेली असते. फांदी दिसली की सीतेची वेणी बाद, इथेच निम्मे प्रश्न संपतात. पण झाड लहान असेल तर पहिली वेणी तोकडी आणि विरळ येऊ शकते, तेव्हा नुसत्या दाटीवर जाऊ नका, पुढचं बघा.

एक खाली पडलेलं फूल उचला, नसेल तर तुऱ्याच्या बुडाचं एक तोडा, काही बिघडत नाही. समोरून नाही, बाजूने बघायचं, लोक नेमकं समोरून बघतात आणि समोरून दोन्ही सारखीच ठिपकेवाली दिसतात. बाजूने धरलं की खालचा ओठ दिसतो, म्हणजे ती वेगळ्या आकाराची गडद पाकळी. सीतेच्या वेणीत हा ओठ साधा असतो, पुढे जांभळा निमुळता भाग आणि मागे एक छोटी पिशवी, ती पिशवी दोन्ही बाजूंनी चेपलेली, बोथट, मागच्या दिशेला. ओठाला आजूबाजूला कान नाहीत. नखाने ओठ हलवून बघा, घट्ट असतो, डुगडुगत नाही.

एरिडिसमध्ये ओठाचे तीन भाग पडतात, दोन बाजूंना छोटे कान आणि मध्ये मोठी जीभ, आणि मागची नळी मागे जायच्या ऐवजी वाकून पुढे ओठाखाली येते, शिंगासारखी. हे वाकणं एकदा बघितलं की आयुष्यात परत चुकायला होत नाही. मॅक्युलोसात मधली जीभ रुंद, सपाट आणि जवळजवळ एकाच गुलाबी-जांभळ्या रंगाची असते, ठिपके असतात ते बाकीच्या पाकळ्यांवर. क्रिस्पामध्ये पाकळ्या पांढऱ्या, गुलाबी झाक असलेल्या, ठिपके नाहीत, फूल मोठं, तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि मधल्या जिभेची कड चुणीदार, बारीक झालर लावल्यासारखी फाटलेली. त्या कडेवरूनच क्रिस्पा नाव आहे. सीतेच्या वेणीचं एकेकटं फूल त्या मानाने लहान, दोन सेंटिमीटरच्या आत-बाहेर. आणखी एक एरिडिस रिंजेन्स आहे घाटात, फुलं फारच बारीक, तिला कुणी वेणी म्हणून विकत नाही म्हणून सोडून देते.

आता फूल नसेल तर. इथे अंगावर खेकसणारे लोक असतात की पान बघून मी छातीठोक सांगतो, त्यांना सांगू द्या. पानावरून एवढं कळतं की वेणी आहे, एरिडिस आहे, व्हँडा आहे की अकँपे, त्याच्या पुढे फुलाची वाट बघायची. आणि ॲपला नुसत्या पानाचा फोटो दिलात तर ते हमखास काहीतरी ठोकून देतं, भारतातच नसलेली नावंसुद्धा, त्याच्या भरवशावर लेबल बदलू नका.

सीतेच्या वेणीचं पान लांब, वीस ते चाळीस सेंटिमीटर, जाड, मध्ये पन्हळ पडलेलं आणि बाहेर वळून खाली झुकलेलं. मॅक्युलोसाचं पान आखूड आणि रुंद, बरंचसं सपाट, चामड्यासारखं जाड, झाडही बुटकं. क्रिस्पाला खोड असतं, चांगलं लांब, वाढत वाढत लोंबायला लागतं, खोडावर जांभळट-तपकिरी रंग आणि पानं एकमेकांपासून अंतर ठेवून. खोड हातभर लांब आणि जांभळट दिसलं तर मी क्रिस्पाच समजते फूल यायच्या आधीच. व्हँडा टेसेलाटाची पानं अरुंद, मध्ये घडी पडल्यासारखी दुमडलेली, टोकाला दोन-तीन अणकुचीदार दात. अकँपे म्हणजे नुसता ताठपणा, पान जाड कडक, वाकवलं तर मोडेल असं वाटतं, आणि मुळं इतकी जाड आणि इतकी पुष्कळ की खोडापेक्षा मुळंच जास्त. कोकणात रस्त्याकडेच्या आंब्यावर जे मोठे झुबके दिसतात ना, त्यातले बरेच अकँपे असतात, फुलं पिवळी, त्यावर लालसर-तपकिरी आडवे पट्टे, पानांच्या बेचक्यातच आखूड गुच्छ. हीच वेणी म्हणून घरी आणून लोक वर्षानुवर्षं लोंबत्या तुऱ्याची वाट बघतात. तो येणार नाही.

पानाचं टोक मात्र नीट बघत जा, बोटावर धरून. या सगळ्यांची टोकं सरळ निमुळती नसतात, खाचेने दोन असमान भाग झालेले असतात. एरिडिसचे दोन्ही भाग गोलसर. वेणीचं टोक थोडं वेडंवाकडं दातेरी. पण जुन्या पानांची टोकं सुकलेली, किड्याने खाल्लेली असतात त्यामुळे वरून दुसरं तिसरं निरोगी पान निवडायचं, सगळ्यात खालचं नाही.

एक भलताच प्रकार पण सांगून ठेवते. झाडं जानेवारीत फुलली, गुच्छ जाडजूड, फुलं मोठी मेणासारखी आणि वास खोलीभर, असे फोटो येतात, "आमची सीतेची वेणी अवेळी का फुलली". अवेळी नाही फुलली. ती ऱ्हिंकोस्टायलिस जायगँटिया आहे, थायलंड-म्यानमारकडची, थंडीत फुलते, तिकडून रोपं मोठ्या संख्येने येतात आणि आपल्या नर्सऱ्यांमध्ये नुसतं ऱ्हिंकोस्टायलिस किंवा फॉक्सटेल लिहून विकली जातात. पानं बघा, चांगली रुंद असतात. झाड उत्तम आहे, ठेवा, फक्त मे महिन्याची वाट बघू नका. आणि तुरा निळा-जांभळा आणि सरळ उभा आला तर ती ऱ्हिंकोस्टायलिस कोएलेस्टिस, तीही थायलंडची. त्याच घराण्यातल्या आहेत त्यामुळे विकणारा अगदीच खोटं बोललेला नसतो.

आता वास. इथे मला स्पष्ट बोलायचंय कारण जाहिरातीत सगळं सुगंधीच असतं. सीतेच्या वेणीचा वास मंद असतो. जवळ नाक नेलं, उन्हं चढलेली असली, फुलं ताजी असली तर येतो, पण गॅलरीत मोगऱ्यासारखा दरवळेल अशी अपेक्षा ठेवून घेतलीत तर निराशाच होईल आणि त्यात झाडाचा दोष नाही. दरवळ हवा असेल तर एरिडिस घ्या. क्रिस्पाचा वास गोड आणि लांबवर येतो, मॅक्युलोसाही सुगंधी. ईशान्य भारतातली एरिडिस ओडोरॅटा तर नावातच सुगंध घेऊन बसलीय, पांढरी फुलं, टोकांना जांभळट, नळी वर वळलेली, नर्सरीत मिळते पण आपल्या घाटात ती मूळची नाही. व्हँडा टेसेलाटालाही छान गोड वास असतो, पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मागची बाजू पांढरी, ओठ निळा-जांभळा, फुलं मोजकीच पण ऐटबाज. मला विचाराल तर सुगंधासाठी वेणी घेणं म्हणजे चुकीच्या दुकानात जाणं, वेणी बघायला घ्यायची.

तरीही एरिडिस असून वास येत नाही म्हणणारे असतात, त्यांनी वेळ बदलून बघा. रात्री ऑफिसातून आल्यावर हुंगून वास नाही म्हणणं बरोबर नाही, ही फुलं दिवसा फिरणाऱ्या किड्यांसाठी असतात, सकाळी नऊ-दहापासून दुपारपर्यंत, ऊन असताना बघा. सलग पाऊस लागला, गारठा पडला, कुंडी एसीच्या खोलीत नेली की वास मंदावतो. कळी उमलल्या उमलल्याही पूर्ण वास नसतो, एखाददोन दिवस द्यावे लागतात. आणि परागीभवन झालं की बऱ्याच आमरींमध्ये वास बंद होतो, फूल मलूल होतं आणि मागचा देठ फुगायला लागतो. देठ फुगलेला दिसला तर तिथे बोंड धरतंय, वास परत येणार नाही, तुऱ्याच्या टोकाची नुकती उमललेली फुलं हुंगा.

फुलतच नाही या तक्रारीवर आता. ओळख पटली, वेणीच आहे, किंवा एरिडिसच आहे, तरी दांडा नाही. पानाचा रंग बघा पहिलं. गर्द हिरवी, लांबच लांब, मऊ लोंबणारी सुंदर पानं म्हणजे सावली जास्त झालीय, लोकांना नेमकी हीच पानं आवडतात आणि म्हणून ते झाड हलवत नाहीत. पान फिकट हिरव्याकडे झुकलेलं, थोडं ताठ, कधी कडेला किंचित लालसर, अशा झाडाला दांडे येतात. सकाळचं ऊन थेट चालतं, दुपारचं एप्रिल-मेचं ऊन ५० टक्क्यांच्या शेडनेटखालून. एकदम अंधारातून उन्हात नेलंत तर पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतील, ते परत हिरवे होत नाहीत, म्हणून हळूहळू सरकवा.

दुसरं म्हणजे मुळं. यांची मुळं जाड, राखाडी-पांढरी, ओली केली की हिरवी होतात, वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषतं आणि लगेच सुकावं लागतं. कुंडीत मातीत लावलेली वेणी मी बघते तेव्हा खरंच वाईट वाटतं. शेणखत घातलेली लाल माती, वर मॉस, आणि रोज पाणी, मग मुळं आतून कुजतात, वर पानं महिनोन्महिने हिरवी राहतात आणि माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय. बाहेर काढा, कुजलेलं दाबलं की पिचकतं आणि आतली दोरी उरते, ते सगळं कापा, जळक्या लाकडावर किंवा सालीसकट फांदीवर बांधा. पट्टीने बांधा, जुन्या सुती साडीची चिंधी किंवा सुतळी, तार नको. खाली थोडा काथ्या चालेल पण झाडाभोवती गुंडाळायचा नाही. अंगणात आंबा, फणस, चिकू असेल तर सरळ त्यावर, पावसाच्या सुरवातीला, बाकी काम पाऊस करतो.

आणि एकदा बांधलं की हलवायचं नाही. दर दोन महिन्यांनी जागा बदलणारे लोक असतात, इकडे ऊन बरं म्हणून, तिकडे पाहुणे बघतील म्हणून. मुळांनी साल धरलेली असते, हलवलं की टोकं मोडतात आणि झाड पुन्हा मुळं काढत बसतं, दांडा कुठून देणार.

पाण्याचं म्हणाल तर थंडीत कमी करा. घाटात या आमरींना नोव्हेंबरपासून पाऊस नसतो, दव आणि धुक्यावर काढतात, आणि मग उन्हाळ्यात दांडा काढतात. घरात बारा महिने सारखं पाणी आणि सारखं नत्र दिलं की नुसती पानं येतात. पावसाळ्यात नवं मूळ, नवं पान चालू असताना १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) खत अगदी पातळ करून आठवड्या-पंधरवड्याने फवारा, दिवाळीनंतर थांबवा, पाणी आठवड्यातून दोन-तीनदा शिंपडलं तरी पुरे, पानं सुरकुतायला लागली तर थोडं वाढवा. रोप लहान असेल तर मात्र काहीही करा, फुलणार नाही, बियांपासून लॅबमध्ये वाढवलेल्या रोपाला फुलायला काही वर्षं लागतातच.

पावसात शेंडा काळा पडून उपटून हातात येतो, ही तक्रार जुलैमध्ये येते. मधल्या पोंग्यात पाणी साचून कूज. हे झाड एकाच शेंड्याने वाढतं, तो गेला की वाढ थांबते, कधी बुडातून नवा कोंब फुटतो पण खात्री नाही. उपाय बांधतानाच करायचा, झाड सरळ उभं नको, आडवं किंवा थोडं खाली कललेलं बांधा म्हणजे पाणी निथळून जाईल. रानात बघा, वेणी कायम खोडातून बाहेर तिरकी आलेली असते. आणि मुळांची हिरवी टोकं कुणी खाल्ली, दांडा कुणी कुरतडला असं विचारत असाल तर रात्री टॉर्च घेऊन बघा, गोगलगाय सापडेल.

अजून एक, शेजारच्यांनी किंवा सोसायटीच्या माळ्याने "बांडगूळ आहे, आंब्याचा रस पितंय" म्हणून ओरबाडून काढल्याच्या गोष्टी दरवर्षी येतात. बांडगूळ वेगळं, त्याची मुळं फांदीच्या आत घुसतात आणि जोडाशी गाठ येते. आमरी सालीवर फक्त बसते, मुळं वरून उचलून काढता येतात आणि खाली साल शाबूत असते. माळ्याला हे एकदा दाखवा, पटतं.

घाटरस्त्यांवर आठवडी बाजारात पोत्यात भरून वेणी विकायला येते ती घेऊ नका. ती रानातून ओरबाडलेली असते, मुळं तुटलेली, राखीव जंगलातून असं काही काढणं बेकायदा आहे, आणि ती झाडं घरी आणल्यावर बहुतेक हळूहळू मरतात. वर त्यात अर्धी अकँपे निघतात ते वेगळंच. स्वतःच्या बागेतली फांदी वादळात पडली तर तिच्यावरची आमरी जरूर उचला आणि दुसऱ्या फांदीला बांधा.

ओळख विचारायची असेल तर फोटो असे पाठवा. अख्खा तुरा लांबून. एक फूल बाजूने, नळी दिसेल असं, पांढऱ्या कागदावर ठेवून बाजूला मोजपट्टी. मधल्या पानाचं टोक. खोडासकट पूर्ण झाड. कुठून मिळालं, म्हणजे गाव किंवा नर्सरी एवढंच, आणि कुठल्या महिन्यात फुललं. फुलाचा समोरून काढलेला, फिल्टर मारलेला एकच क्लोजअप पाठवलात तर मी एरिडिस की वेणी एवढंसुद्धा सांगू शकत नाही.